बारशाआधीचं लेकरू

उस्मानपुरा, औरंगाबाद
ता. ३ नोव्हेंबर १९८६

रा. रा. रामकिसनभाऊ यांस इब्राहीमचा अदाब आणि स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या गल्लीत पूर्वी पैठण्या विणणारे युसूफमियाँ माझे अब्बा. ते रमजानात वारले. त्यांच्या ट्रंकेत आमचा शजरा निघाला, सात पिढ्यांची वंशावळ. माझ्या नावापाशी अब्बांनी बारीक अक्षरात लिहिलंय, की पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत हा जन्मला, आठवड्यात याची आई गेली, आणि शेजारच्या द्वारकाबाईंनी याला वर्षभर अंगावर पाजलं. अडतीस वर्षांचा घोडा झालो, आणि हे मला आत्ता कळतंय! अब्बा का बोलले नाहीत, खुदा जाणे. तुम्ही द्वारकाबाईंचे चिरंजीव, एवढंच पैठणच्या एका जुन्या विणकराकडून कळलं.

आमच्यात जिचं दूध प्यालं ती आईच. माझी लेक जाहेदा शजरा नव्यानं उतरवतेय, त्यात त्यांचं नाव लिहायचं मनात आहे. पण त्या हयात आहेत का, तुमच्या भावकीला हे पटेल का, या काळजीनं हात थांबलाय. नाही म्हणालात तरी राग नाही. एकदा पाया पडायची इजाजत तेवढी द्या.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
इब्राहीम


पैठण
ता. ११ नोव्हेंबर १९८६

इब्राहीमभाऊंना रामकिसनचा रामराम. वि. वि.

आई खुटखुटीत आहे. तुमचं पत्र दोनदा वाचून घेतलं आन् लई खवळली. म्हणाली, दूध पिऊन पसार झालेला गडी आता इजाजत मागतो व्हय? भावकीला तिनं तवा विचारलं नाय, आताही विचारणार नाय.

मग तिनं जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. नवव्या दिवशी गेला. बारसं बाराव्या दिवशी, म्हणून त्याचं नाव ठेवायचं राहिलं, आन् नाव नाय म्हणून आमच्या वंशावळीत तो नाय. पान्हा दाटून ती तळमळत पडली होती, तवा तुमचे अब्बा तुम्हाला घेऊन दारात आले. ती म्हणते, उपकार तिनं नाय, तुम्ही केले. तुम्ही नसता तर ती त्या लेकरामागंच गेली असती. म्हणजे मीही नसतो, भाऊ.

नाव खुशाल लिहा. आल्यावर जेवल्याबिगर जायचं नाय, ही तिची तंबी.

लोभ जडलाच आहे, तो वाढू द्या.
रामकिसन


उस्मानपुरा
ता. १७ नोव्हेंबर १९८६

ती. आईस इब्राहीमचा सलाम. रामकिसनला आशीर्वाद, आता तेवढा हक्क झाला!

आई, तुझं नाव लिहिलं. घरात सगळे रडले, मीही. पण दूधआईची सगळी लेकरं आपली भावंडं असतात. मग माझा थोरला भाऊ बाहेर का राहावा? जाहेदानं माझ्या शेजारी त्याच्यासाठी जागा सोडलीय. तिथं काय लिहू, ते तूच सांग.

तुझं उत्तर आलं की त्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं सगळे येतोय.

तुझा,
इब्राहीम


पैठण
ता. २१ नोव्हेंबर १९८६

इब्राहीमभाऊंना रामराम.

तुमचं पत्र ऐकताना चुलीवरची भाजी करपली, तरी आईला भान नव्हतं. मी म्हणालो, सावकाश ठरव. तर म्हणाली, ठरवायचं काय त्यात? पोटात होता तवाच ठरवलं होतं, बारसंच उजाडलं नाय. इतक्या वर्षांत तिनं ते नाव कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. काल घेतलं.

बद्रीनाथ लिहा.

तुम्हा दोघांचा धाकटा भाऊ,
रामकिसन