सहावं पिल्लू

६ ऑक्टोबर, रविवार

पिल्लं सहा आहेत. फोनवर मी पाच सांगितली.

चुकून बोललो असं लिहिणार होतो. पण इथे तरी खोटं कशाला — मुद्दामच बोललो. सुलेमानभाय परवाच दुबईहून आला, मोठ्या मुलाकडे होता. आल्या आल्या फोन. "चिंगीला किती झाली रं?" आणि मी "पाच" म्हणून मोकळा. सहावं तेव्हा माझ्या मांडीवरच झोपलं होतं. काळं तोंड, लांब पाय, छाती आत्तापासून खोल. असं पिल्लू आमच्या दारात पुन्हा होणे नाही.

चिंगी माझी, अस्सल गावठी. टायगर सुलेमानभायचा — आई कारवानी जातीची शिकारी कुत्री, बाप कुठला तरी रस्त्यावरचा. बांधावर घुशींमागे फिरायला अशीच मिसळ लागते. नुसतं कारवानी पळतं चांगलं, पण पावसाळ्याच्या ओलीत आजारी पडतं. नुसतं गावठी बिळापाशी पोचेपर्यंत घूस पसार! आणि पद्धत ठरलेली आहे: नर ज्याचा, पहिली निवड त्याची. तो येणार, एक उचलणार, उरलेली माझी. लिखापढी नाही, काही नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून हेच.

त्यात सुलेमानभायची एक खोड. निवडायच्या दिवसापर्यंत पिल्लं बघायची नाहीत. आधी बघितलं की डोळा अडकतो म्हणतो. म्हणजे सगळा कारभार माझ्या शब्दावर.

१३ ऑक्टोबर, रविवार

सुचिताला फोन केला. ताई, एक पिल्लू ठेवशील का थोडे महिने? कामोठ्याला तिचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, भावोजी दिवसभर बाहेर, मुलगा पुण्याला. म्हणाली ठेवीन, पण सोसायटीने कटकट केली तर परत घेऊन जायचं. का ठेवायचंय ते तिने विचारलं नाही. आपल्या जासईतल्या कुणाला सांगू नकोस एवढं मात्र मी दोनदा बजावलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

भाजीच्या पिशवीत घालून स्कूटरवर नेलं. कळंबोलीच्या सिग्नलला पिशवी हलली, शेजारचा बाईकवाला हसला. मला घाम!

संध्या सकाळपासून बोललेली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "तोंड कसं दाखवणार त्या माणसाला?" बायको दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवते. यार्डात मी सुपरवायझर लागलो तेव्हा मला कंटेनरचे नंबर वाचायलाही येत नव्हते. ट्रेलर चालवणाऱ्या सुलेमानभायने आठवडाभर जवळ उभं राहून शिकवलं. पहिली नाइट त्याच्याच डब्यातलं खाऊन काढली. सगळं माहीत आहे मला. तरी नेलं.

२० ऑक्टोबर, रविवार

निवड झाली.

पार्किंगमध्ये गोणपाटावर पाच पिल्लं सोडली. त्याने नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातला डाव घेतला आणि फरशीवर आपटला. चार पळाली, एक बसून राहिलं. आवाजाकडे चालत जाणारं एकही नाही. कसं असेल? ते कामोठ्याला!

सुलेमानभाय पिल्लांकडे कमी आणि चिंगीकडे जास्त बघत होता. ती सारखी माझ्या स्कूटरपाशी जाऊन पाय ठेवायच्या जागेचा वास घेत होती. वास घ्यायची, आमच्याकडे बघायची, पुन्हा वास. "स्कूटरला काय लागलंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं काल मासळी आणलेली. त्याने चिंगीच्या डोक्यावर हात फिरवला. मग खाली वाकून सगळ्यांत लहान मादी उचलली, माझ्या मुठीएवढी. "मला ही बस झाली."

मी त्याला थांबवायला हवं होतं. निदान दुसरं घ्या म्हणायला हवं होतं. ती तर जगणारच नाही अशी. मी चहा सांगितला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

अरे देवा. सुलेमानभायची बुशरा कामोठ्यालाच राहते! दर गुरुवारी हा लेकीकडे जेवायला जातो. वर्षानुवर्षं मला माहीत आहे, आणि पिल्लू कुठे लपवलं तर कामोठ्याला. अकलेचे दिवाळे.

जाऊ दे. कामोठं काय एवढंसं आहे का? हजार बिल्डिंगी आहेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज बांधावर गेलो. आमची जमीन प्रकल्पात गेली, आता खाली पार्किंग आणि वर भाडेकरू. गावातल्या धर्मराजची थोडी खाचरं खाडीकडे उरलीत. घुशी बांध पोखरतात, भरतीचं खारं पाणी आत शिरतं, भात मरतं. म्हणून रविवारी आम्ही कुत्री घेऊन जातो. ससा दिसला तरी सोडून देतो, फॉरेस्टचं लफडं नको. खरं सांगायचं तर काठी हातात घेऊन दोन तास चालायला मिळतं, तेवढ्यासाठीच जायचं.

टायगर आता फार थकलाय. पण सुलेमानभायने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली — दोन आखूड, एक लांब — की अजून जागच्या जागी बसतो. मी कित्येक वर्षं ती शीळ शिकतोय. नुसती थुंकी उडते.

माझ्याकडची उरलेली चारही पिल्लं वाटून झाली; त्या छोटीचं नाव सुलेमानभायने मुंगी ठेवलंय. दिवाळीच्या फटाक्यांनी इतकी भेदरलीय की जमिनीवर पाय टेकत नाही. पूर्ण बांध त्याच्या खांद्यावर बसून आली. धर्मराज हसत होता, शिकारी कुत्रा की पोपट म्हणून. सुलेमानभायही हसला. मी नाही हसलो.

१२ जानेवारी, रविवार

टायगर गेला. झोपेत गेला. खड्डा मी खणला, सुलेमानभायचा गुडघा वाकत नाही आता. माती लोटून झाल्यावर म्हणाला, "याचं काय मागं राहिलं नाय रे." मुंगी पायाशी लटपटत होती. ती धरून बोलला की सोडून, कळलं नाही.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही. आणि विचारलं काय, तर फावडं कुठे ठेवू!

२ फेब्रुवारी, रविवार

कामोठ्याला जाऊन आलो. केवढं झालंय! बाण नाव ठेवलंय मी. ताई त्याला कुकी म्हणते, ते बंद करायला हवं. तिला विचारलं, फिरवायचं काय करतेस, तुझी कंबर दुखते. म्हणाली आता टेन्शन नाही, सोय झालीय. वॉचमनला पैसे देत असेल. मी खोलात गेलो नाही. जास्त वेळ थांबलोच नाही, खाली कोण भेटेल सांगता येत नाही. स्वतःच्या बहिणीकडे चोरासारखा जातो मी.

टायगर गेल्यापासून सुलेमानभायने बांधावर शीळ घातलेली नाही. कुणासाठी घालणार? मुंगी तर खांद्यावरच असते.

३१ मार्च, सोमवार

ईद. दरवर्षीप्रमाणे संध्या आणि मी सुलेमानभायकडे गेलो. शीरखुर्म्याची पहिली वाटी कशीबशी संपवली. मेहरुन्निसाभाभीने दुसरी वाटी भरली, मी नको म्हटलं, तिने भरलीच.

बुशराही आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "हरेशकाका, कामोठ्याला येता तेव्हा आमच्याकडे का नाही येत?" मी कधी येतो कामोठ्याला, असं काहीतरी बोललो. सुलेमानभाय मध्येच म्हणाला, अगं त्याला यार्डातून सुट्टी कुठं मिळते! विषय तिथेच मिटला. निघताना त्याने मिठी मारली तेव्हा मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

संध्या घरी आल्यावर म्हणाली, आजच सांगून टाका. सांगितलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

सोसायटीची नोटीस आली. बाणला घरी आणावं लागलं. आता लपवणार कुठे? म्हणून एक गोष्ट रचली. कर्जतला एकाकडून विकत घेतला. रात्रभर पाठ केली ती.

सुलेमानभाय फाटकातून आत आला आणि बाण साखळी तोडून त्याच्या अंगावर! चावायला नाही. लोळला, रडला, त्याचा हात तोंडात धरून ओढायला लागला. नव्या माणसाला कुत्रं असं करत नाही कधी. मी घाईघाईत म्हटलं, मुंगीचा वास येत असेल तुमच्या अंगाला. "आसंल," तो म्हणाला. मग बाणच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला, कानामागे खाजवलं.

"चांगला हाय. कुठून आनलास?"

"कर्जतहून."

"आसं." एवढंच.

बाण त्याच्या बरोबर फाटकापर्यंत गेला. मी हाक मारली तेव्हा परत आला, पण मान मागे.

२७ एप्रिल, रविवार

बाण कमाल आहे! बांधाच्या कडेने नाक खाली घालून चालतो. बीळ सापडलं की भुंकत नाही, पंजा उचलून उभा राहतो. फ्लॅटमध्ये वाढलेलं कुत्रं, हे त्याला शिकवलं कुणी? रक्तच बोलतं म्हणायचं. चार घुशी काढल्या. धर्मराजने वांगी दिली पिशवीभर.

परत येताना सुलेमानभाय म्हणाला, एवढ्या लवकर असं कुत्रं तयार करणं सोपं नाही, तुझा हात चांगला आहे हरेश. मी काय करावं? मान डोलावली. वर म्हणालो, मेहनत घेतली थोडी!

हे लिहिताना कान गरम झालेत. एक खोटं कमी होतं म्हणून हे दुसरं. ज्याचं कुत्रं चोरलं त्याच्याकडूनच शाबासकी घेतली मी. आणि तो खांद्यावर ती मुंगी घेऊन माझ्यापुढे चालत होता.

११ मे, रविवार

गेलोच नाही. ताप आहे असं कळवलं. नव्हता.

१८ मे, रविवार

काल ठरवलं होतं, आज सांगायचंच. धर्मराजच्या बांधाला पोचलो की पहिलं वाक्य तेच. सुलेमानभाय, पिल्लं सहा होती. चार शब्द.

ते चार शब्द जुळवतच चाललो होतो, म्हणून लक्ष नव्हतं. बाणने घूस उठवली आणि ती बांध सोडून रस्त्याकडे सुटली. बाण मागे. तिकडे ट्रेलरची रांग कधी तुटत नाही. मी ओरडलो. बाण, बाण! ऐकेना. गवत संपलं, भराव चढला. वरून कंटेनर घेऊन एक येतच होता, त्याचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे. मी पळालो आणि पडलो.

मग माझ्या मागून शीळ आली. दोन आखूड, एक लांब.

बाण भरावाच्या कडेला होता तसा बसला. ट्रेलर त्याच्यापुढून गेला. धूळ खाली बसली तरी तो बसलेलाच, मागे वळून बघत. माझ्याकडे नाही. सुलेमानभायने मांडीवर थाप मारली तेव्हा सरळ येऊन त्याच्या डाव्या पायाला चिकटून उभा राहिला. टायगर उभा राहायचा तिथेच.

मी चिखलात बसून दोघांकडे बघत होतो. कर्जतच्या कुत्र्याला ही शीळ माहीत कशी? सुलेमानभायने काही सांगितलं नाही, मला विचारायचं धाडस झालं नाही. त्याने फक्त हात पुढे केला, दुखऱ्या गुडघ्यावर जोर देऊन मला उभं केलं. "चल. ऊन झालं."

माझे चार शब्द तसेच राहिले. घरी येऊन आंघोळ केली, जेवलो नाही.

१९ मे, सोमवार

सुचिताला फोन केला. तिकडे असताना बाणला कोण फिरवायचं?

"अरे ते दाढीवाले काका ना! त्यांची लेक आमच्या समोरच्या बिल्डिंगीत राहते, तिला गॅलरीत दिसला होता तो. दिवाळीनंतर आले एकदा. मग दर गुरुवारी यायचे, पुढे पुढे तर मधल्या दिवशीही. बिचारे लंगडत तीन मजले चढायचे, लिफ्ट बंद असली तरी. मागच्या मोकळ्या मैदानात न्यायचे, शीळ घालून काय काय शिकवायचे. मी म्हटलं, काका कशाला एवढा त्रास. तर म्हणाले, कुत्रं हरेशचं आहे, त्याने पाठवलंय मला."

मी दारात झोपलेल्या बाणकडे बघितलं.

"तूच पाठवलं होतंस ना?"

हो म्हणालो.