बारा सेकंद न हलता

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

आजवर स्वतःच्या हातांनी काय काय केलं, त्याची नोंद एकदा नीट व्हायला हवी. प्लायवूडचा कॅमेरा, आठ बाय दहा इंची, आतून काळा. त्याचा भाता जुन्या रेनकोटचा, बावीस घड्या, उजेड आत शिरेल असं एकही भोक नाही. भंगारातल्या झेरॉक्स मशीनची लेन्स आणि ती बसवायचं पितळी कडं. शिडी कापून केलेला ट्रायपॉड. फोटोचा कागद भरायचे तीन चपटे डबे. बाथरूममधली डार्करूम. तळ्यावरच्या सकाळच्या उजेडाचा चार वर्षांचा तक्ता: ढग किती टक्के, वारा कुठून, धुकं किती उंच. शटर नाही. औषधाच्या डब्याचं झाकण आहे, ते मी हाताने काढतो आणि हाताने लावतो. फिल्म वापरत नाही. फिल्म कोणीही वापरतो. थेट फोटोच्या कागदावर घेतो, त्यामुळे एका फोटोला बारा सेकंद लागतात.

हे सगळं कोणी शिकवलं नाही. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला अचूकपणा शिकवावा लागत नाही.

आज जेवताना अण्णा म्हणाले, माझा एक फोटो काढून ठेव, भिंतीवर लावायला. तुझ्या आईचा आहे, शेजारी जागा आहे. मी म्हटलं, असं काय बोलता. ते म्हणाले, एक्याऐंशी झाली, कसं बोलू? लायसन्सवर मी सत्तावीस वर्षांचा आहे, तो लावलात तर तुझी आई ओळखेल, बाकी कोणी ओळखणार नाही.

म्हणाले, इथेच खुर्चीवर बसतो, दहा मिनिटांचं काम. मी समजावलं की आईच्या फोटोत तेच झालंय. सपाट उजेड, मागे निळा पडदा, चेहऱ्याला खोली नाही. तुमचा तळ्यावर काढू. पहाटेचं धुकं, डावीकडून येणारं कोवळं ऊन. चार वर्षं त्या तळ्याच्या फोटोंत काहीतरी कमी पडत होतं, ते आज कळलं. स्केलसाठी माणूस हवा होता.

१० नोव्हेंबरच्या आत काम फत्ते.

५ नोव्हेंबर

जागा पक्की केली. पाण्याच्या काठच्या पांढऱ्या दगडापासून अकरा पावलं, मागे लव्हाळं. सूर्य समोरच्या टेकाडाच्या डाव्या टोकावर ६:५८ ला येतो. उपयोगी उजेड ७:०५ ते ७:२०. ढग ३० ते ४० टक्के हवेत, वारा शून्य, धुकं गुडघ्याइतकं. फार मागत नाही.

८ नोव्हेंबर

अण्णा साडेचारलाच उठून दाढी करून बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून भांग. स्कूटरवर मध्ये कॅमेरा, मागे ते. बेचाळीस वर्षं बस चालवलेला माणूस मागे बसला की काय होतं ते वाटेत कळलं. क्लच हळू सोड. खड्डा बघ. हॉर्न कशाला दिलास, कुत्रं झोपलंय.

ढग शंभर टक्के. पाणी, आकाश, अण्णा, सगळं एकाच राखाडी रंगात. कागद वाया घालवला नाही. अण्णा म्हणाले, ढगांत काय वाईट आहे, मी असाच दिसतो. त्यांना कॉन्ट्रास्ट समजावून सांगितला. परत येताना ते क्लचबद्दलच बोलले.

११ नोव्हेंबर

वारा. लव्हाळं बारा सेकंदांत तीनशे वेळा हललं असतं. परत.

मुदत एक दिवसाने उलटली, पण ती मुदत मीच घातली होती, मीच वाढवू शकतो. नवी मुदत: महिनाअखेर.

१६ नोव्हेंबर

आकाश निरभ्र, ढग शून्य, धुकं नाही. इतका स्वच्छ उजेड की पोस्टकार्ड. अण्णा म्हणाले, मला पोस्टकार्ड चालेल. मी म्हटलं, मला नाही चालणार. ते म्हणाले, भिंतीवर तू जाणार आहेस की मी?

मी ट्रायपॉड मिटला. दुकानाची वेळ झाली होती.

१९, २०, २१ नोव्हेंबर

पाऊस. या दिवसांत पाऊस पडत नाही. माझ्या तक्त्यात चार वर्षांत एकदाही नाही. हवामानाने शिस्त सोडली तर तक्त्याने काय करायचं?

२२ नोव्हेंबर

ताईचा फोन. अण्णांनी तिला काहीतरी सांगितलेलं दिसतंय. म्हणाली, अरे, फोनवर काढ आणि मोकळा हो. तिला शांतपणे सांगितलं की फोन जे काढतो त्याला फोटो म्हणत नाहीत, ती उजेडाची नक्कल आहे. ती म्हणाली, ज्याच्यावरून बोलतोयस त्यालाही कॅमेरा आहे ना? अण्णांपुढे धर आणि दाब. फोन ठेवला. थोरली असली म्हणून काय झालं.

मात्र ताईच्या सांगण्यावरून आमच्या हिने दुपारी खरंच फोन धरला. अण्णांनी तोंडासमोर पेपर धरला. म्हणाले, आपला घरचा फोटोवाला असताना हे कशाला, त्याला वाईट वाटेल. माझी बाजू घेणारा घरात एक तरी माणूस आहे.

२९ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात दोनदा जाऊन आलो. एकदा धुकं इतकं की अण्णा सापडेनात, आवाजावर शोधले. दुसऱ्यांदा सगळं जमलं होतं, पण ७:०४ ला म्हशी पाण्यात उतरल्या.

अण्णांना खोकला. डॉक्टर म्हणाले, सकाळच्या गारठ्यात बाहेर नेऊ नका. डॉक्टरला छातीतलं कळतं, उजेडातलं नाही. गारठ्याशिवाय धुकं कुठून आणायचं, हे त्याला विचारलं असतं, पण बाहेर रांग होती.

दुकान या महिन्यात अकरा दिवस उशिरा उघडलं. गिऱ्हाईक थांबतं. उजेड थांबत नाही.

४ डिसेंबर

एक शोध लावला. बारा सेकंद मान हलू नये म्हणून काट्याच्या जुन्या दांडीला लोखंडी फाटा जोडला. तो माणसाच्या मागे उभा करायचा, डोकं त्यात टेकवायचं. समोरून काहीच दिसत नाही. जगात असं आधी कोणी केलं नसणार.

अण्णांनी डोकं टेकवून पाहिलं. विचारलं, फोटो आहे की फाशी?

रंगीत तालीम घेतली. ही घड्याळ धरून सेकंद मोजत होती. अण्णा नवव्या सेकंदाला हसले. दुसऱ्यांदा सातव्याला खोकले. तिसऱ्यांदा हिलाच हसू आलं. दोघांना शिस्त नाही. मी रागावलो तर ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं, आणि आत गेली. अण्णा उगाच पेपर वाचत बसले. पेपर कालचा होता.

अण्णांचा हात थोडा थरथरतो, हे आज लक्षात आलं. फ्रेममध्ये हात घ्यायचे नाहीत. कॉम्पोझिशन बदललं.

१२ डिसेंबर

सुवर्णाक्षरांत लिहावा असा दिवस. ढग ३५ टक्के. वारा नाही. धुकं गुडघ्याइतकं, इंचाचाही फरक नाही. ७:११. अण्णांना स्टुलावर बसवलं, डोकं फाट्याला. म्हटलं, श्वास घ्या, धरा. झाकण काढलं. आणि अण्णा बसले. बारा सेकंद, स्टिअरिंगमागे बसल्यासारखे. नजर समोर, ताठ, पापणी नाही, खोकला नाही. बगळा उडाला तरी नजर गेली नाही. झाकण लावलं.

येताना रस्ताभर त्यांनी क्लचबद्दल सूचना केल्या. सगळ्या मान्य केल्या.

दुपार

कागद डब्यात उलटा भरला गेला होता.

काल संध्याकाळी कागद भरत असताना हिने बाथरूमचं दार वाजवलं होतं. अंधारात कागदाची बाजू बोटांना कळते, मला तरी कळते. पण दार वाजलं की बोटांचं लक्ष उडतं. कागदावर धुरासारखं काहीतरी करडं. तळं नाही, अण्णा नाहीत.

अण्णांना सांगितलं, आजची टेस्ट होती.  ते म्हणाले, टेस्टच होती तर श्वास कशाला धरायला लावलास?

 हिला खरं कळलंय. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, पण सांगण्यातही नाही.

१९ डिसेंबर

अण्णांना ताप, तिसरा दिवस. दुपारी मला जवळ बोलावलं. म्हणाले, इथे खिडकीपाशी उशीला टेकून बसतो. आण तुझं खोकं, आत्ता काढ.

खिडकी उत्तरेची. उजेड सपाट. मागच्या भिंतीला ओल, तिचा डाग बरोबर डोक्यामागे येतो. शिवाय दाढी वाढलेली. म्हटलं, बरे व्हा, मग तळ्यावर जाऊ. तुमचा असा आजारी फोटो भिंतीवर बरा दिसेल का?

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. कूस बदलली.

स्वयंपाकघराचं दार हिने लावून घेतलं. आमचं ते दार कधी कोणी लावत नाही, त्याची कडी गंजलेली आहे. कडीला तेल घालायचं आहे.

२४ डिसेंबर

ताप नव्याण्णववर. जेवण थोडं. फोरकास्ट: २६ ला पहाटे धुकं, विरळ ढग, वारा नाही. माझ्या तक्त्याशी तंतोतंत जुळतं. घोडामैदान जवळच आहे.

हिला सांगितलं. म्हणाली, त्यांना घेऊन तुम्ही उंबरा ओलांडून तर दाखवा. ताईनेही फोनवर हेच सांगितलं, शब्द वेगळे, आवाज मोठा. अण्णांनी ऐकलं. म्हणाले, जाऊ दे त्याला घेऊन. त्याचं एकदाचं होऊन जाऊ दे.

ज्याला फोटो हवाय तोच तयार आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी मध्ये पडू नये.

२६ डिसेंबर

दोन स्वेटर, त्यावर कोट, कानांना मफलर. मफलर फक्त बारा सेकंद काढायचा होता.

ढग ३०. वारा नाही. धुकं जसं हवं तसं. कागद तीन वेळा तपासला, बाजू बरोबर. ७:१२ ला झाकण काढलं. अण्णांनी श्वास धरला. पाच, सहा, सात. मी घड्याळाकडे बघत होतो, बघावंच लागतं. बारा. झाकण.

नंतर मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचे दात वाजत होते. झालं का, विचारलं. झालं, म्हटलं.

येताना ते क्लचबद्दल काही बोलले नाहीत. सबंध रस्ता कपाळ माझ्या पाठीला टेकवून बसले होते.

दुपार

प्रिंट निघाली. चार वर्षांतली सर्वांत उत्तम. लव्हाळ्याचं पातं न् पातं मोजून घ्यावं. पाण्यावरचं धुकं, समोरचं टेकाड, दगडावरचं दव. स्टुलाचे पायसुद्धा कोरल्यासारखे. स्टुलाच्या वर, जिथे अण्णा होते तिथे, एक पांढरट पुसट भोवरा. कॉलरचं एक टोक तेवढं ओळखू येतं.

अण्णा हलले. कॅमेऱ्याचा दोष शून्य.

त्यांना दाखवली. चष्मा लावून पुष्कळ वेळ बघितली. म्हणाले, तळं चांगलं आलंय.

२९ डिसेंबर

हॉस्पिटल. दोन्ही फुप्फुसं. डॉक्टरने विचारलं, थंडीत कुठे गेले होते का? मी म्हटलं, तसं काही खास नाही. ही म्हणाली, पहाटे तळ्यावर, याच महिन्यात दोनदा, त्याआधी पाचदा. डॉक्टरने लिहून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

आकडे हिचे बरोबर आहेत. वहीत तपासून पाहिले.

१ जानेवारी

संकल्प: अण्णा घरी आले की खुर्चीवर, खिडकीपाशी, लगेच. उजेड कसाही असो.

ऑक्सिजनचा मास्क आहे. बोलता येत नाही. हाताने काहीतरी दाखवत होते. मला वाटलं पाणी. ही म्हणाली, विचारतायत जेवलास का.

४ जानेवारी

पहाटे ५:२० ला अण्णा गेले.

७:१० ला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर होतो. ढग ३५ टक्के. वारा नाही.

१७ जानेवारी

ताई आल्यापासून घरात बोलणं चालतं, ते माझ्याशी नसतं. दुकान बंद. सबंध घर शोधून अण्णांचे चार फोटो निघाले. लायसन्सवरचा, सत्तावीस वर्षांचा. दोन फोटोंत पाठ. चौथा कुणाच्या तरी लग्नातला, ताईच्या मुलीच्या फोनवरचा. तो मोठा करून आणला. अण्णा कडेला आहेत, अर्धे डोळे मिटलेले, काहीतरी चावतायत. शेजारच्याला कापलं, पण त्याचा हात राहिला, हातात कागदी पेला. फोकस पेल्यावर.

आईच्या शेजारी लावला. लावताना लेव्हल धरायला मी पुढे झालो, तर ताईने हातोडी दिली नाही.

भेटायला आलेली माणसं फोटोसमोर उभी राहतात आणि विचारतात, हा हात कुणाचा?

आज कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला येऊन गेला. आईचा फोटो त्यानेच काढलेला. भिंतीकडे पाहिलं आणि खाली बघत चहा प्यायला. निघताना मला म्हणाला, तुम्ही त्या दिवशी हो म्हणायला हवं होतं. ताईने विचारलं, कुठल्या दिवशी? तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, काही नाही.

ताईला सांगितलं नाही. इथे लिहितो, कारण नोंद पुरी असावी. ३ नोव्हेंबरला एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही. लिहिली नाही.

त्या दिवशी दुपारी तो दुकानात आला होता, रसायनं मोजायचा छोटा काटा न्यायला. म्हणाला, अण्णा सकाळी स्टुडिओत येऊन गेले, फोटोची चौकशी करत होते. मग म्हणाले, आधी मुलाला विचारतो, त्याला आवडणार नाही. स्टुडिओवाला मला म्हणाला, तुम्ही हो म्हणा, उद्या सकाळी मीच घरी येतो. त्यांच्या खुर्चीवर बसवतो, एक दिवा लावतो, अर्ध्या तासात उठवतो. मी त्याला म्हटलं, माझ्या वडिलांचा फोटो मी काढेन. तो म्हणाला, तुमचाही काढा, माझाही असू दे. मी म्हटलं, तुमच्या उजेडात खोली नसते.

त्याने दर सांगितला होता: घरी येऊन, दोन प्रती, फ्रेमसकट. साडेचारशे.