‘गंज’चा मुख्य गायक

३ जून
आज बँड काढला. न्यू-मेटल, म्हणजे दणदणीत गिटार आणि संतापून ओरडत गाणं. नाव ‘गंज’. गिटारवर सलूनवाला, ड्रमवर गॅरेजवाला. दोघांनाही संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण सुरुवातीला मिळतील ती माणसं घ्यावी लागतात. मुख्य गायक, गीतकार आणि प्रमुख मी. सराव आमच्याच बाहेरच्या खोलीत.
संकल्प: रोज अर्धा तास ओरडणे.

४ जून
ओरडलो नाही. आई झोपली होती.

८ जून
पहिला सराव. माझं ‘समाजा, तू सडला आहेस’ म्हटलं. सलूनवाला म्हणाला की राग येत नाहीये, पासबुक भरून द्या म्हटल्यासारखं वाटतंय. दिवसभर लोकांच्या दाढ्या करणाऱ्याला समाजातलं काय कळणार. आवाजाला धार हवी, हे मी आधीच ओळखलं होतं. उद्यापासून मिठाच्या गुळण्या.

९ जून
ठसका लागला. शर्ट भिजला.

१५ जून, संध्याकाळ
रेकॉर्डिंग. ऐन टेकमध्ये ताई कामावरून आली. शर्टाच्या कारखान्यात इस्त्री करते, दिवसभर उभी. दारातूनच सुरू झाली. पलंगावर ओला टॉवेल कोणी टाकला, घरात माणसं तीन आणि वाकायचं एकटीनंच का, तुझ्या ताटाला पाय फुटणार आहेत का. माईक चालू. टेक वाया. गॅरेजवाला मात्र वाजवतच राहिला. कधी थांबावं ते त्याला कळत नाही.

१७ जून
तो वाया गेलेला टेक दोघांनी मला न विचारता इंटरनेटवर टाकला. ताकीद दिली. हसले.

१९ जून
कोपऱ्यावरचा दूधवालासुद्धा ‘ताटाला पाय’ म्हणत होता. लोकांची अभिरुची रसातळाला गेली आहे.

२२ जून
दोघांनी ताईला बँडमध्ये बोलावलं. म्हणाली, सुट्टीच्या दिवशी जमेल. मी तिला शांतपणे समजावलं की न्यू-मेटलमध्ये दोन आवाज असतात, एक ओरडणारा आणि एक स्पष्ट बोलणारा. दुसरा मी. ती म्हणाली, बोल की, तुला कोणी अडवलंय, आधी ताट उचल.

२९ जून
स्पष्ट बोललो. सलूनवाला म्हणाला, बस जरा, दमला असशील. काळजी घेतात माझी.
ताई हल्ली घरात भांडत नाही, सगळं सरावासाठी राखून ठेवते. आई म्हणते, बँड चांगला आहे.

६ जुलै
पोस्टर आलं. तीन ओळींत चार चुका. मी सुधारल्या. अकरावीत शिक्षण सोडलं, तरी ऱ्हस्वदीर्घ माझं चुकत नाही. मधोमध ताईचा फोटो. माझा उल्लेख तळाशी, ‘जागा व चहा’. मागे राहून सूत्रं हलवणं हे प्रमुखाचंच काम.

१३ जुलै
कार्यक्रम. हॉल भरलेला. माझ्या वाट्याला एक ओळ होती, हॉलच्या मागच्या टोकाला चहाच्या टेबलापासून म्हणायची. नेमका माझाच माईक बंद. शेवटी ताईनं ‘ओला टॉवेल’ घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. अख्खा हॉल माझ्याकडे वळून ओरडायला लागला, ‘उचल! उचल!’ मी हात हलवून अभिवादन स्वीकारलं.

१४ जुलै
घसा पार बसलाय. काल मीही ओरडत होतो, सगळ्यांबरोबर, ‘उचल’. गॅरेजवाला म्हणतो, तुझा आवाज थेट स्टेजपर्यंत आला, काल जमलं बघ तुला.
ताई अजून झोपली आहे. टॉवेल दोरीवर टाकला. चिमटे लावले.