जावयाचं रेडिओवरचं मरण

घाटंजी, जि. यवतमाळ
सोमवार, १३ फेब्रुवारी १९६१

चिरंजीव जावईबापू पुंडलिकराव यांस किसनरावचे अनेक आशीर्वाद. तब्येत विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. नाहीतर काल संध्याकाळी तुम्ही वारले, ते साऱ्या गावानं आपल्या कानानं ऐकलं. बाकी इकडे आम्ही खुशाल.

तुम्ही नाटकाच्या नादी लागले म्हणून बेबी पोळ्यापासून माहेरी येऊन बसली. तुम्ही न्यायले आले नाही, आम्ही धाडली नाही. (पोरीचा बाप आहो, पण तुमच्या सासूपुढे माझं काय चालते?) तशात तुमचं कार्ड आलं, का रविवारी नागपूरच्या रेडिओवर माझं काम आहे. बेबी म्हणे, "मले नाही ऐकायचं," अन् सगळ्यायच्या पुढे जाऊन बसली.

ग्रामपंचायतीच्या रेडिओले सरपंच भगवानरावांनी हार घातला. आधी कपाशीच्या किडीवर भाषण झालं. ते संपल्याबरोबर भगवानराव उठले अन् रेडिओपुढे हात जोडून त्यांनी वक्त्याचे आभार मानले. त्या आभारात पुढचं अर्धं गाणं गेलं. मंग नाटक. तुम्ही खाटेवर खोकून राह्यले होते. (खोकला अस्सल वाटला, अडुळसा घेत जा.) शेवटी "पाणी" म्हणाले अन् तुमचा आवाज बंद झाला, तशी बेबीनं हंबरडा फोडला. आता घ्या! नाटक आहे हे तिच्याइतकं कोणाले ठाऊक? मी समजावलं, का खोट्या मरणानं माणसाचं आयुष्य वाढते. पण ज्या बाया पाणी भरून उशिरा आल्या, त्यायनं फक्त तुमचं मरण अन् पोरीचं रडणं ऐकलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारची रुपीबाई पिठलं-भाकर घेऊन आली. मंग आणखी चार घरची आली. एवढ्या मायेनं आणलेलं परत कायले पाठवायचं? आम्ही जेवलो. बेबी मात्र उपाशीच निजली. तिचं तोंड पाहून माझा जीव तुटला, जावईबापू, खोटं नाही सांगत.

ता. क. एवढं लिहिलं ते यासाठी, का येऊन पोरीले घेऊन जा. आता ती नाही म्हणत नाही. मी सांगितलं असं सांगू नका.

दुसरा ता. क. पाकीट बंद करायच्या आधी बेबीनं पत्र वाचलं. म्हणते, "मी काही ते मेले म्हणून नाही रडली. रेडिओत 'धनी, धनी' करून ज्या बाईनं गळा काढला, ती कोण, ते विचारा." मी हे लिहून राह्यलो, तोवर ती ट्रंक घेऊन यवतमाळच्या मोटारीत बसलीसुद्धा. तुम्ही न्यायले येऊ नका. हे पत्र पोचेल तेव्हा ती तिथं येऊन दोन दिवस झाले असतील. जिवंत असाल तं खुशालीचं कार्ड टाका.