सातबंधाऱ्याच्या जादूची निरवानिरव

लिहून ठेवणार मी, शिवमूर्ती गुरुलिंग बिराजदार, वय ६३, मूळ निलंग्याचा, हल्ली राहणार विष्णुपुरी, नांदेड. अभियांत्रिकी कॉलेजच्या पाण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त. हृदय निम्मं काम करतं, डोकं पूर्ण करतं. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण रागाला कायद्याची हरकत नाही असं वकील म्हणाले.

१. विष्णुपुरीचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव मुलगी ऋतुजा हिला. भाऊ उमाशंकर याने निलंग्याच्या शेतातला माझा हिस्सा न विचारता नांगरलेला आहे. त्याला आणखी काही देऊ नये.

२. माझी खरी मिळकत म्हणजे सातबंधारा. हे राज्य पृथ्वीवर नाही. कॉलेजच्या पोरांकडून मी हा खेळ शिकलो: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, सूत्रधाराने प्रसंग सांगायचा, फाशांनी निकाल द्यायचा. मी सूत्रधार, पत्नी पार्वती वैदीण, ऋतुजा तिरंदाज आणि मित्र दयानंद हंडरगुळे मांत्रिक. अठरा वर्षं एक रविवार चुकला नाही.

३. सातबंधाऱ्यात धरण आहे, त्याला दारं आहेत, बैलांवर चालणारा उपसा आहे. मांत्रिक नुसती फुंकर मारून पाणी आणत असेल, तर धरण बांधायला लोक काय खुळे आहेत? म्हणून माझा नियम: जादूने काही आणलं की तेवढ्याच मोलाचं काहीतरी जातं, आणि आणणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने सातबंधाऱ्याच्या नकाशावरून खोडायचं. एक तळं भरलं, खोडा सात विहिरी. मग आपोआप लोकांना धरण परवडतं आणि ते जग खरं वाटतं.

दयानंदच्या डोक्यात हे कधी शिरलं नाही. एकदा त्याने तोफ आणली. मी विचारलं, गंधक कुठून आणलं? म्हणाला, "आरं मास्तर, जादू हाय ती! तिलाबी मीटर लावून राहिलास का?" सबब त्याला फासे देऊ नयेत. माझी गंजलेली पाणी मोजायची पट्टी द्यावी. उतारवयात तरी काही मोजायला शिकेल.

४. पार्वती चार वर्षांपूर्वी वारली. मी खेळातही वैदिणीची समाधी बांधली. पुढे मी दवाखान्यात असताना ऋतुजा आणि दयानंद या दोघांनी माझ्या पाठीमागे खेळ मांडला आणि वैदिणीला मंत्राने उठवलं. घरी आल्यावर ऋतुजा म्हणाली, "आप्पा, आई आता तिथंच तेवढी चालून-फिरून राहिली. ऱ्हाऊ द्या की."

मी कडाडलो. मेलेलं माणूस परत येत असेल, तर तिथल्या बायका रडतात कशाला? राजे समाध्या कशाला बांधतात? माझी बायको म्हणजे दयानंदची तोफ नव्हे! नकाशा ट्रंकेत कोंबला आणि दोघांना दार दाखवलं. ऋतुजा लातूरला नोकरीला गेली. तिचे फोन येतात, मी उचलत नाही.

५. नकाशा आणि खेळाच्या वह्या जाळून टाकाव्यात, असं या कलमात लिहायचं ठरलं होतं. मिळकतीचं वर्णन नीट यावं म्हणून काल ट्रंक उघडली. समाधी खोडलेली होती, ते माहीतच होतं. पण शेजारी तिरंदाजही खोडलेला होता. त्याचं गाव, त्याचं घर, त्याची घोडीसुद्धा. खाली ऋतुजाची सही. शाळेत असल्यापासून वाढवलेलं पात्र पोरीने आईच्या बदल्यात दिलं होतं. नियमाप्रमाणे. आणि तू काय खोडलंस, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

मी चुकलो. हे वाक्य वकिलांनी काढायला सांगितलं. मी काढलेलं नाही. सकाळी फोन हातात घेतला, परत ठेवला, आणि आता कागदावर लिहितो आहे. दयानंदला सगळं ठाऊक होतं आणि तो इतकी वर्षं गप्प बसला. कलम ३ मध्ये बदल नाही.

६. सबब सातबंधारा, धरण, उरलेल्या विहिरी आणि वैदिणीसह, ऋतुजाला. वैदीण जिवंत राहील. ती रीतसर आलेली आहे.

७. सूत्रधाराला पात्र नसतं, त्यामुळे मला परत आणण्याचा प्रश्न खरं तर येत नाही. तरी ऋतुजाचा स्वभाव मला ठाऊक आहे. कोणत्याही मंत्राने मला तिथे आणू नये, ही माझी सक्त ताकीद. माझ्या बदल्यात खोडायला तिच्याकडे आता फक्त आई उरली आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

शिवमूर्ती गुरुलिंग बिराजदार (सही)

साक्षीदार:
१. डॉ. दीपमाला मठपती (सही)
२. आनंदराज सोनकांबळे, शेजारी (सही)

ठिकाण: विष्णुपुरी, नांदेड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५