पहारा माझा होता

प्रिय सोल्फ्रिडकाकू,

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर डायनोसॉरच्या पाऊलखुणा मोजताना एकानं खडकाकडे बघायचं आणि दुसऱ्यानं बंदूक घेऊन अस्वलावर नजर ठेवायची, असा नियम आहे. त्या दिवशी पहारा माझा होता.

तुमचा आयविन ओरडला, “तुरिल, तिन्ही बोटं उमटलीत बघ! तू बस अस्वलं राखत!”

मला ते झोंबलं. बंदूक खाली ठेवून मी त्याच्याआधी फोटो काढायला वाकले. अस्वल त्याच्या मागून आलं.

धुकं होतं म्हणून अस्वल दिसलं नाही आणि तुमचा मुलगा गेला, असं मी तुम्हाला सांगितलं. धुकं नव्हतं. तरी दर नाताळला तुम्ही मला मोजे विणून पाठवता.

तो फोटो माझ्या नावानं छापून आला. ठशाच्या कडेला आयविनचा बूट दिसत होता. तेवढा भाग मी कापला.

तुमचे मोजे पायात असलेली,
तुरिल