पहिला घोट यजमानाचा

युसूफ वडगाव

प्रिय बंकटा,

मोमिनाबादच्या कचेरीत तू कारकून झालास, हे तुझं पत्र एकेक अक्षर लावत मी स्वतः वाचलं. लई आनंद झाला. सगळ्या गल्लीत गूळ वाटला. चतुराबाई दोनदा हात पुढं करून गेली, मी दोन्ही वेळा दिला. तिच्या नातवानं अजून म्हशीशिवाय कुणाची चाकरी केली न्हाई. आपली म्हैस मात्र आटली. असू दे, लिहायचं वेगळंच होतं.

पुढच्या आठवड्यात गिरदावर साहेबांची मेजवानी हाय, नव्या माणसानं सगळ्यांसंगं प्याला घ्यायचा रिवाज हाय, न घेणाऱ्याला कचेरीत कुणी जवळ करत न्हाई, असं तू लिहिलंस. एक घोट घेऊ का, म्हणून मला विचारलंस. तुझी आई म्हणती, घेऊ द्या की, नोकरी टिकली पाहिजे.

तुझे आजोबा गावचे पाटील, आन् माळकरी. तू त्यांना पाहिलंच न्हाईस. जमाबंदीला, सारा तपासायला येणाऱ्या गिरदावर साहेबाचा तंबू आपल्या आमराईत पडायचा. कोंबडी मी परड्यात वेगळ्या चुलीवर रांधायचे. शिंदीचा घडा गावाचा. पण पहिला घोट यजमानानं घ्यायचा, म्हंजे साहेबाला भरवसा. आजोबांच्या वतीनं तो चावडीवरचा सिदू घ्यायचा, आनंदानं. एका साली नवा गिरदावर आला. म्हणाला, पाटील, तुमीच प्या, का काही कालवलंय? सगळे हसले. गावाच्या विहिरीचा कागद त्याच्याच सहीसाठी अडलेला.

त्या दिवशी आजोबा प्याले. विहीर झाली. मग येणाऱ्या प्रत्येक साहेबाला पाटलासंगंच प्याला लागायचा. पुढं साहेब नसला तरी पाटलाला लागायचा. अशी बारा वर्षं. तुला आमी सांगितलं, आजोबा काविळीनं गेले. ते गेले तेव्हा बाया छाती बडवत होत्या, मी ज्वारी निवडत बसले. शेजारच्या छबुबाईनं सूप ओढून घेतलं, तरी बोटं तशीच चालत राहिली. रडू आलं न्हाई. अजूनबी येत न्हाई. भाजलेल्या कातडीला हात लावल्यावाणी, काही कळतच न्हाई.

गाव म्हणतं, त्या गिरदावरानं पाटलाला नासवलं. तसं न्हाई रे. त्या दिवशी पिण्याआधी आजोबा तंबूतून उठून आले होते. चुलीपाशी माझ्यासमोर उभे राहिले, काय करू म्हणून. मीच म्हटलं, घ्या की, एका घोटानं काय होतंय. त्यांनी माळ काढून माझ्या तळहातावर ठेवली आन् माघारी गेले. हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. आता तूबी मलाच विचारलंस, म्हणून लिहिते. घेऊ नकोस. भरल्या मेजवानीत सांग, आजीनं नको म्हटलंय. हसतील, हसू दे. नोकरी गेली तर घरी ये. काहून आला म्हणून कुणी विचारलं, तर माझंच नाव सांग.

तुझीच,
मनकर्णा आजी